तोंडात टाचण्या

नाही, पण खांबाला देऊन आपल्याला मिळालं काय? — एवढंच विचारतोय मी. मास्तरांना विचारलं, बसवाल्याला विचारलं, क्लबचा सामानवाला येतो त्यालाही विचारलं. एकानं उत्तर दिलेलं नाही. — पडदा ओढून घ्या काका, पूर्ण ओढा, रस्त्यावरून दिसतं. खुंटीवर टॉवेल आहे, तो गुंडाळा. धुतलेला आहे. पँट द्या इकडे, वरूनच द्या. — अरे बापरे. काही नाही, मागची शिवण गेलीय, पार वरून खालपर्यंत. वाकला असाल. वाकल्याशिवाय जात नाही ती. वीस मिनिटं लागतील. — बास्केटबॉल बघत नाही? नका बघू, चांगलंच आहे. आमचे सलग नऊ सामने गेलेत. खांब असताना पाच, तो गेल्यावर चार. पण वीस मिनिटं पँटशिवाय बसायचं तर काहीतरी ऐकत बसावं माणसानं, नाहीतर स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसावं लागतं.

खांब म्हणजे चौदा नंबर. बास्केटखाली उभा राहतो — उभा राहतो म्हणजे उभाच, म्हणून खांब. आधी लोकांनी लाडानं नाव ठेवलं, हरायला लागल्यावर नावं ठेवली. बाहेर तो बाक आहे ना — तुम्हाला दिसत नाही, पडदा आहे, पण आहे बाक — त्याच्यावर रोज चार वाजता सभा भरते. एक मास्तर, गणिताचे, रिटायर झालेले, सगळं वहीत लिहून ठेवतात. एक पलीकडची बेकरीवाली मावशी. एक टपालवाला. आणि एक बसवाला, टीमची बस तोच चालवतो. चौघांनी मिळून आयुष्यात एक चेंडू जाळीत टाकलेला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला बसवा, पहिला नंबर. मास्तर म्हणायचे, खांबाला काढा, दहा फ्री थ्रोंत चार घालतो, माझी बायको पाच घालेल. मावशी म्हणायची, मग बायकोलाच घ्या टीममध्ये मास्तर, घरात तिलाही तेवढीच शांतता — आणि काढायचाच तर त्या सातवाल्या हिरोला काढा. चेंडू हातात आला की बाकीचे चार याला दिसतच नाहीत, आणि नेम चुकला की फरशीकडे बघतो. नाचता येईना अंगण वाकडं. टपालवाल्याचं तिसरंच — खांब द्या आणि बंदरवाल्यांचे तीन घ्या. बंदरावरची टीम, ती. एकाच्या बदल्यात तीन! बोटं नाचवून सांगायचा. — आणि झालंही तसंच. खांब दिला, तीन आणले. एक लंगडतो, एक पंचाशी भांडतो, आणि एक अजून आलेलाच नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. चिंध्या म्हणजे काय ते शिंप्याला विचारा.

आणि ह्या सगळ्यात दादा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. हे मशीन त्याचं. मी आपला बसतो. अकरा वर्षांनी मोठा, आईबाप म्हणाल तर तोच. तो असा बसतो, तोंड रस्त्याकडे — बसायचा. बाकावर अदलाबदलीचा विषय निघाला, "शिंपीबुवा, तुम्हाला काय वाटतं, कोण जाणार?" असं कोणी विचारलं, की दादा काय करायचा? डबीतल्या चार टाचण्या काढायचा आणि ओठांत धरायचा. संपलं. तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाला कोण बोलायला लावणार? पुढ्यात कापड असो नसो. मी एकदा पाहिलंय, मशीनवर काहीसुद्धा नाही, आणि हा टाचण्या धरून बसलाय, चेहरा असा की जगातलं सगळ्यात अवघड काम चाललंय. चौदा वर्षं. — का? तर त्याला माहीत असायचं म्हणून.

जर्सी आमच्याकडे येतात काका. पाठीवरचं नाव आम्ही शिवतो. एखाद्या खेळाडूला द्यायचं ठरलं की सामानवाला त्याची जर्सी खाकी कागदात गुंडाळून आणतो — नाव उसवा, नंबर राहू द्या. जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी. पेपरवाल्यांच्या आधी, टीमच्या आधी, त्या खेळाडूच्या बायकोच्या आधी दादाला कळायचं. बाहेर हे चौघं घसा फोडून भांडतायत, हा जाणार, तो जाणार, आणि ज्याच्यावरून भांडतायत तो दादाच्या मांडीवर, निम्मं नाव उसवलेला. दादाच्या तोंडावर काही नाही. पाटी कोरी. वहिनीलासुद्धा सांगायचा नाही. मला म्हणायचा, "धाकट्या, कपड्याच्या आतलं शिंप्याला दिसतं. ते शिंप्याजवळच राहायला पाहिजे." — तुमच्या पँटचंही तसंच, काळजी करू नका.

माझं तोंड वेगळं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. शाळेतही तेच झालं, चौथीत गुरुजींना काहीतरी बोललो, घरी आलो तो परत गेलोच नाही. दादानं मारलं नाही. म्हणाला, "उद्यापासून काजं कर." तेव्हापासून शर्टांची काजं करतोय.

तर महिन्यापूर्वी चौदा नंबर आला, खाकी कागदातून. दादा आत जेवत होता, दुकानात मी एकटा. बाकावर मास्तर वही उघडून सांगतायत की काढायला पाहिजे असला तरी खांब कुठंही जात नाही, आकडे तसं सांगतात. मी म्हटलं, मास्तर, आकड्यांना काय कळतंय. मास्तर हसले. म्हणाले, "अरे चौथी नापास, तू काजं कर." — सगळे हसले. मावशीसुद्धा हसली, आणि ती मला रोज उरलेलं बिस्किट देते. — आता एवढ्यावर माणसानं — नाही, गप्प बसायला पाहिजे होतं, मला कळतंय. मी म्हटलं, "परवा जातोय खांब! जर्सी आत पडलीय!"

मास्तरांनी वही मिटली. मला काय बरं वाटलं, सांगू? एक मिनिटभर. बसवाला उठला तो गेलाच. आणि संध्याकाळी, सराव संपवून येताना, सगळ्यांच्या देखत, बसच्या आरशात बघून विचारलं त्यानं खांबाला — "काय, चाललास म्हणे? शिंप्याकडे कळलं." सिग्नलला बस थांबली, खांबानं दार उघडायला लावलं, उतरला, आणि घरी चालत गेला. सात किलोमीटर. गुडघा दुखरा त्याचा. त्या गुडघ्यापायीच तर देत होते त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ह्याच दारातून, वाकून. आत सरळ उभा राहिला तर डोकं पंख्याला, मी पळत जाऊन पंखा बंद केला. तेवढंच केलं मी त्या दिवशी. दादाला म्हणाला, "खरंय का?" दादाच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यानं एकेक काढली. चार. डबीत ठेवल्या. झाकण लावलं. मग म्हणाला, "खरंय. आणि बाहेर माझ्या तोंडून गेलं. चूक झाली." — माझ्या तोंडून. म्हणजे त्याच्या. मी इथे, ह्या स्टुलावर, काज करत. कोणाच्या शर्टाचं ते आठवत नाही, पण ते काज मी एवढं मोठं केलं की त्यातून लिंबू गेलं असतं. खांब म्हणाला, "मला आधी घरी सांगायचं होतं." बस. पुन्हा वाकला आणि गेला. दुपारी सामानवाला आला, त्यालाही दादानं तेच सांगितलं, त्याच शब्दांत.

मग माझ्याकडे न बघता एकदाच म्हणाला, "धाकट्या, तुला काही बोलायचंय?"

मी म्हटलं, "नाही."

बघा, जिथे बोलायचं तिथे तीळ भिजला. — थांबा, सुई मोडली. जाड कापड आहे तुमचं. — नाही, काही झालं नाही. मोडते सुई.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा गेला. इथेच बसल्या बसल्या, चौदा नंबर मांडीवर. पाच अक्षरं होती नावात, चार उसवली होती, पाचवं अर्धं. मला वाटलं डोळा लागला. मी म्हटलं, दादा, चहा आलाय. तीनदा म्हटलं. — डॉक्टर म्हणाले, हृदय, आतून नाजूक झालेलं असणार, कधीही गेला असता. मी म्हटलं, कधीही म्हणजे? दुसऱ्याची चूक गिळली तर जातो का माणूस? डॉक्टर पेन शोधायला लागले. खिशातच होतं त्यांच्या.

खांदा द्यायला खांब आला. हो. कोणी बोलावलं नव्हतं. चार कोपरे, तीन आम्ही साधी माणसं आणि चौथा खांब. उचललं तर एक कोपरा वर — दादा तिरका. सगळ्यांना दिसलं, पण बोलणार कोण? मग खांबानं गुडघे वाकवले. आणि तसाच चालला, वाकलेला, स्मशानापर्यंत, तो दुखरा गुडघा घेऊन. जागचा हलत नाही म्हणतात त्याला. आणि त्याच्या मनात काय, तर ह्याच माणसानं आपली बातमी फोडली. तरी आला. मी बरोबर त्याच्या पुढे, त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण खांद्यावर असताना मागे वळता येत नाही हो. दोन दिवसांनी तो बंदरवाल्यांकडे गेला. — म्हणून विचारतोय, त्याला देऊन मिळालं काय?

बाकावरच्या चौघांना माहीत आहे कोण बोललं ते. एकानं शब्द काढलेला नाही. ही माणसं गप्प बसू शकतात हेच मला माहीत नव्हतं. मावशी बिस्किट देते अजून, फक्त बघत नाही. आणि मागच्या आठवड्यात सामानवाला आला, त्या चौदा नंबरसाठी. पाचवं अक्षर मी पंधरा दिवस तसंच ठेवलं होतं, तो दोनदा हात हलवत परत गेला होता. शेवटी बसलो आणि उसवलं. एका अर्ध्या अक्षराला आख्खी सकाळ लागली. तर सामानवाला म्हणाला, काम तुमच्याकडेच राहील. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, थोरला शेवटी घसरला, पण धाकटा भरवशाचा दिसतो. — भरवशाचा. मी! वहिनी दारातच उभी होती. आता नुसत्या काजांवर घर चालत नाही, हे तिलाही कळतं, मलाही कळतं. मी मान हलवली. झालो भरवशाचा.

आणि आज सकाळी पुन्हा खाकी कागद. इथे, मशीनखाली. — कोणाचा? बघा! बास्केटबॉल बघत नाही म्हणालात ना? तरी विचारलंत. माणसाची जातच तशी. मी सांगणार नाही. मावशीला आनंद होईल एवढं नक्की — नाही. नाही, हे मी बोललो नाही. ऐकलंत? तुम्ही ऐकलं नाही. शपथ घ्या. शपथ घ्या काका, पँट माझ्याकडे आहे. — हेच बघा, हेच ते. आपोआप येतं. बरं झालं तुम्ही टॉवेलवर आहात, सांगायला जाणार कुठे.

रविवारी बंदरवाले इथे खेळायला येतायत. खांब येईल. त्याला सांगणार आहे मी. फक्त त्याला, दार असलं तर दारात, बस असली तर बसपाशी उभं राहून — तुझी बातमी मी फोडली, दादानं नाही. मग तो काय करायचं ते करेल. सेक्रेटरींना सांगेल, सांगू दे. तोंडात तीळ भिजत नाही तर एकदा योग्य माणसासमोर तरी बाहेर पडू दे.

झाली. घ्या, वरून देतो. दोनदा मारलीय शिवण, आता कितीही वाका. — ऐकू येतंय? काठी. मास्तर. म्हणजे चार वाजले. आता बघा, बसायच्या आधी विचारतील. महिनाभर विचारलं नव्हतं, आज विचारणार, वास येतो त्यांना कागदाचा. — ऐकलंत? "काय रे धाकट्या, हिरोचं काहीतरी कानावर आलंय आमच्या. खरं का? की तुला काही कळत नाही?" — मुद्दाम. मुद्दाम तसं बोलतात.

या काका बाहेर. छान बसली. जाता जाता ती डबी तेवढी सरकवा इकडे, ती पत्र्याची. — हो मास्तर, आलो, ऐकतोय! — दादा चारच धरायचा, मला बहुतेक पाच लाग —