आभाराचा फळा

गौरेश : मारलं म्हणजे? थप्पड?

सिस्टर लुर्दिना : हो. सकाळच्या प्रार्थनेत, सगळ्या शाळेसमोर. संजना अजून रडतेय.

गौरेश : आमची समीक्षा? सिस्टर, माझी पोर कुत्र्याच्या पिल्लाला पण हड् म्हणत नाय.

सिस्टर : बसा ना, गौरेशबाब.

गौरेश : नको. बस तिठ्यावर उभी करून आलोय. म्हापशाचे पॅसेंजर शिव्या घालत असतील.

सिस्टर : आमच्या चिठ्ठ्यांच्या पेटीचं तिने घरी सांगितलं असेल.

गौरेश : तर. मुलं मागणं लिहून पेटीत टाकतात. आईसाठी लिहिलं तेव्हा हिने येशू आणि आमची सातेरी देवी, दोघांची नावं घातली. म्हणाली, कोणाला राग यायला नको.

सिस्टर : मागणं पुरं झालं की ज्याची चिठ्ठी त्यानेच काढायची आणि आभाराच्या फळ्यावर लावायची. आज संजना काढायला गेली. तिच्या आजीचा पाय बरा झाला. समीक्षाने तिचा हात धरला, थप्पड दिली, आणि म्हणाली...

गौरेश : काय म्हणाली?

सिस्टर : “काढू नको. आजी मरेल तुझी.” होळीच्या, शिगम्याच्या आधी समीक्षाने स्वतःची चिठ्ठी काढली होती. आई बरी होऊन घरी आली म्हणून. तीनशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीच वाजवायला लावल्या.

गौरेश : आणि आठव्या दिवशी रूपाली गेली.

सिस्टर : ती चिठ्ठी अजून फळ्यावरच आहे. काढायचा धीर कोणालाच होत नाही, मलाही नाही. तिला वाटतंय, पेटीत राहिली असती तर आई राहिली असती.

गौरेश : असं कोणी सांगितलं तिला?

सिस्टर : कोणीच नाही. मी म्हटलं, देवाची इच्छा, बाळा. म्हणाली, देवाची नाही, माझी चूक. वीस वर्षं मुलांना प्रार्थना शिकवतेय मी. एका मुलीला इतकी पक्की शिकवली, की... सोडा. मला एक सांगा. रूपालीबाईंना बरं वाटलं म्हणूनच घरी सोडलं होतं ना?

गौरेश : येतो मी. बस उभी आहे.

सिस्टर : गौरेशबाब.

गौरेश : नाय. डॉक्टर घरी न्या म्हणाले. आमच्या हातात आता काय नाय म्हणाले.

सिस्टर : आणि समीक्षाला?

गौरेश : बरी झाली म्हणून सांगितलं. पोर नाचली ओ अंगणात! वाड्यावरच्या घराघरांत सांगून आली. मग कुठल्या तोंडाने... तुम्ही टाळ्या वाजवल्या हे मला म्हायत नव्हतं.

सिस्टर : तुम्ही खोटं सांगितलं हे मला.

गौरेश : तुम्हीच सांगा तिला. तुमचं ऐकते.

सिस्टर : माझं ऐकलं म्हणूनच तर हे झालं. नाही, हे तुम्हालाच सांगायला हवं. मी इथे आहे.

गौरेश : मग ती माझ्याशी बोलायची नाय.

सिस्टर : नाही बोलणार, काही दिवस. पण “आईला मीच मारलं” असं समजून जगतेय ती. अकरा वर्षांची आहे.

गौरेश : बस जाऊ दे खड्ड्यात. बोलवा तिला.

(समीक्षा आत येते. भिंतीला टेकून उभी राहते.)

गौरेश : ये गो बाय, जवळ ये.

समीक्षा : मी संजनाला सॉरी म्हटलं.

गौरेश : ते नाय. आईचं सांगायचंय. तुझ्या चिठ्ठीने काय झालं नाय. आई बरी झालीच नव्हती. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलेलं. मी तुला खोटं सांगितलं. तू चिठ्ठी काढलीस त्याच्या आधीच. ऐकलंस?

समीक्षा : पेटीत ठेवली असती तरी?

गौरेश : तरी.

समीक्षा : सिस्टर?

सिस्टर : तरीही. आणि देवाने तुझं... नाही. आज मी काही शिकवत नाही. तरीही, बाळा.

समीक्षा : आईला म्हायत होतं?

गौरेश : होतं. तीच म्हणाली, पोरीला सांगू नको.

समीक्षा : मी शाळेत गेले की तुम्ही दोघं काय करायचात?

गौरेश : काय करणार? रडायचो. तू यायच्या वेळेला तोंडं धुऊन बसायचो.

समीक्षा : मला पण बोलवायचं होतं ना.