न थांबलेला हप्ता

नामदेवराव : ‘माझ्यावर रागावलात का? दोन ओळी तरी लिहा.’ शिवराजनं शेवटी एवढंच लिहिलंय बघ.

सावित्रीबाई : हे तर शेअर बाजार कोसळला तेव्हाचं पत्र. अजून उत्तर दिलं नाही?

नामदेवराव : काय देणार? ग्रंथालयात तो माझ्या शेजारी बसायचा. त्याच्याच सांगण्यावरून दरमहा म्युच्युअल फंडात हप्ता सुरू केला, आणि पैसे निम्मे झाले. वर हा लिहितो, थांबवू नका, आता स्वस्तात जास्त युनिट मिळतात. मला काही ते पटलं नव्हतं.

सावित्रीबाई : पण थांबवलं कुठं तुम्ही?

नामदेवराव : थांबवायलाच बँकेत गेलो होतो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘क्या होना साब?’ हप्ता बंद करा म्हणायला जीभ रेटेना. पासबुक भरून घेतलं आणि परत आलो.

सावित्रीबाई : अगं बाई! आणि मी सगळ्यांना सांगते, आमचे हे लई धीराचे!

नामदेवराव : पुन्हा गेलो, तेव्हाही पासबुकच. आता ‘तुझं ऐकलं’ लिहिलं तर खोटं. ‘भिडेपोटी चालू राहिलं’ हे लिहायची लाज वाटते.

सावित्रीबाई : तुम्हाला लाज, आणि ते तिकडं उदगीरला समजत बसलेत की मित्राला बुडवलं. त्यांची लेक त्रिवेणी परवा इथं सुलतान बाजारात भेटली. म्हणाली, बाबा अजून तुमचं नाव निघालं की गप्प होतात.

नामदेवराव : गप्प होतो? हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही गं.

सावित्रीबाई : माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं कशातनं झाली? त्याच फंडाचे पैसे पुढं वाढले म्हणूनच ना? पोरापुढं, अभिजीतपुढं हात पसरावा लागला का? काल बेगम बाजारातनं मिरच्या मी स्वतः चालत आणल्या. हे लिहा.

नामदेवराव : आणि पासबुकाचं?

सावित्रीबाई : तेही लिहा की. हसू द्या त्यांना. लई परेशान राहिले.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, बरकतपुऱ्यातल्या टपालपेटीपाशी.)

सावित्रीबाई : सोडा की आता. अर्धं आत, अर्धं बाहेर धरून काय उभे राहिलात?

नामदेवराव : ‘आभार’ दोनदा लिहिलं गेलंय. एक खोडायला हवं होतं.

सावित्रीबाई : राहू द्या. एकेका गुडघ्याचं एकेक.

नामदेवराव : सोडलं. अगं, जरा हळू चाल, मी मागं राहतोय.