विमानात बसायचा दाखला

दवाखान्यात पुस्तक उघडून बसलेल्या गृहस्थांना शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण पान काही उलटेना.

"अहो, जिना चढताना धाप लागते का विचारलं तर काय सांगाल?"

"लागते म्हणेन."

"मग मिळाला विमानाचा दाखला."

"अगं, नुसतं बोलतानाही लागते. ती डॉक्टरांना दिसणारच की."

"म्हणून कमी बोला. जन्मभर नाही जमलं, आज तेवढं जमवा."

"जागा संडासाजवळची घेतलीस ना?"

"घेतली. चाकाची खुर्ची सांगितलीय, गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत."

"आणि वर श्वास कोंडला तर?"

"मी आहे ना शेजारी."

"तू काय करणार?"

"काही नाही. हात धरून बसेन."

"लेकीला फोनवर बघतोच की गं रोज."

"काल तिला उशीवरून मान उचलवेना, तुम्हाला ओळखायलाही वेळ लागला. जावई म्हणाले, याच महिन्यात या. पुढच्या महिन्याचं बोललेच नाहीत."

"मला वाटलं, ते फक्त मीच ऐकलं."

नर्सनं आत बोलावलं. बाईंनी नवऱ्याच्या हातातली काठी काढून गृहस्थांपुढे धरली.

"एवढी सांभाळाल? लगेच येतो."

म्हातारा भिंतीला हात न लावता, सावकाश आत गेला. नर्स दारात थबकली.

"काका, ही काठी त्या आजोबांची का?"

गृहस्थांनी ती जवळ ओढून घेतली.

"नाही," ते म्हणाले, "माझी आहे."