देवळामागचा खड्डा

मंडळी, समदे कामं सोडून शोकसभेला आलात, बरं वाटलं. वंदनाताईंच्या आई पुढं बसल्यात. आई, तुमच्यासमोर बोलायला माझी जीभ उचलत न्हाई. पन आळीतल्या बायकांनी मलाच उभं केलं. म्हनल्या, लक्ष्मीबाई, तू त्यांची शेजारीन. आता उभी हाय तर खरं तेच बोलन. कुनाला झोंबलं तर झोंबू द्या.

ताई जनावरांच्या डॉक्टर. गुरांचं बघून झालं की रानात जायच्या. बिबट्याची, तरसाची, कोल्ह्याची विष्ठा पिशवीत घालून आनायच्या. तुमी हसला. मीबी हसले. म्हनलं, "ताई, दुसरं काय मिळंना व्हय गोळा करायला?" तर म्हनल्या, "लक्ष्मीबाई, बिबट्या काही पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात येत नाही. मग मलाच जावं लागतं."

तपासून काय निघालं? रानातल्या जनावरांच्या पोटात जंत, आपल्या कुत्र्यांच्या पोटातबी जंत. त्यातले काही येकाच जातीचे. आपला कुत्रा रानात हुंदडतो, तितं घान करतो. बिबट्या तर कुत्राच उचलून न्हेतो. मंग बांधाच्या अलीकडं काय अन पलीकडं काय, समदं येकच झालं.

जत्रंत बोकड कापला की कवा कवा कलेजीवर पान्याचे फोड दिसत्यात. ती कलेजी आपन खात न्हाई. मंग काय करतो? कुत्र्याला टाकतो. वर म्हनतो, वाया कशाला घालवायचं, मुक्या जिवाच्या पोटात जाऊ दे. पुन्य समजतो आपन. अवो, त्या फोडातच जंताचं बी असतं. ते कुत्र्याच्या पोटात वाढतं, त्याच्या विष्ठेतनं अंगनात येतं, हाताला लागून आपल्या तोंडात जातं. कुत्र्याला काय व्हत न्हाई, त्यो शेपटी हलवत फिरतो. माझ्या सुनेच्या लिवरमदी तसलीच पान्याची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, वाचली. तिला मोठ्या दवाखान्यात न्या म्हनून माझ्या मागं कोन लागलं हुतं? ह्याच ताई.

त्यांचं मागनं तरी केवढं? कुत्र्यांना जंताचं औषध, ते त्या सोता द्यायच्या. अन देवळामागं येक खोल खड्डा. खराब कलेजी, आतडी त्यात पुरायची. बास. ग्रामसभेत समदे हो म्हनला. सरपंच, तुमी तर टाळ्या वाजवल्या. कुटं हाय खड्डा? कमानीला दिवे आले, बँड ठरला, खड्ड्याला तेवढं मानूस मिळंना. दर जत्रंला ताई आपल्या म्हनायच्या, "असू दे, पुढच्या वेळी करू." परवा छातीत कळ आली अन गेल्या.

आज फोटोला हार बघा किती घातल्यात. मला रडू येतंय, पन त्याच्यापरीस राग लई येतोय. रविवारी जत्रा हाय. देवळामागं कुत्री आत्तापास्नं येऊन बसल्यात. त्यांना आपली रीत पक्की ठाव हाय.

आई, आवाज चढला, माफ करा.

दोन मिनिटं गप उभं ऱ्हायचंय म्हनत्यात. ऱ्हाऊ की. पन हितं न्हाई. दाराशी मी कुदळ अन घमेलं आनून ठिवलंय. चला देवळामागं. ज्यांच्या हातात जोर हाय त्यांनी खना, बाकीच्यांनी गप उभं ऱ्हा.

आई, उठा. पयली कुदळ तुमी मारा. मी हात धरते.