साहेबांचा बिनसाखरेचा चहा

बिनसाखरेच्या चहावरून आठवलं बघ. आमच्या महिला मंडळांना देणगी द्यावी का, हे ठरवायला मुंबईहून एक साहेब आले होते. सकाळी दिघीत त्यांनी विचारलं, "वस्त्यावस्त्यांतली ही मंडळं एकमेकांना धरून आहेत, याला पुरावा काय?" साखर चालत नाही म्हणून त्यांनी तिथल्या शांताबाईंचा चहाही परत केला.

संध्याकाळी तिथे कुणाला न कळवता आम्ही त्यांना सांगवीच्या मंडळात नेलं. तिथल्या पार्वताबाईंनी बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला.

साहेब म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिघीच्या शांताबाईचे मालक सेकंड शिफ्टला आले, तवा कंपनीच्या गेटवर घरी निघालेल्या आमच्या ह्यांना बोलले. देणगी देवोत न देवोत, सायबांना साखर देऊ नका."

साहेबांनी चहा संपवला आणि आपल्या तपासणीच्या फॉर्मवर पुराव्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'चहा'.