उसवलेल्या ओळी

(सावली गाव, चंद्रपूर जिल्हा. जानेवारी २००२. रंभाबाईच्या घराची ओसरी, दुपारचं ऊन. मधोमध एक अपुरी गोधडी पसरलेली आहे.)

सायमा: मावशी, इथल्या ओळी कुठं गेल्या?

रंभा: कोणत्या व?

सायमा: या पट्टीतल्या. इथपासून इथवर अम्मीनं शिवलं होतं. ती गेल्यावर चाळिसाव्याला आले तेव्हा मी पाहिलं होतं. आता नुसतं कापड आहे.

रंभा: हो त. उसवल्या मी. बस ना, उभी काऊन? चा ठेवू?

सायमा: उसवल्या?

रंभा: नाई त काय. वाकड्या होत्या माय. लकव्यानंतरच्या त्या. एक टाका बोटभर, दुसरा तांदळाएवढा. आता सरळ घालते. शुक्रवारी अकीका हाये, फारूक म्हणे नाव ठेवतानी पोरीले तिच्या दादीच्या गोधडीतच निजवाचं. आज-उद्यात होऊन जाईन. तू आली त बरं झालं, कोपरा धराले माणूस भेटला.

सायमा: सगळ्या उसवल्या?

रंभा: बारा ओळी. तीन दिवस गेले. शिवण्यापरीस उसवणं कठीण. जुनं लुगडं, ओढलं की फाटते.

सायमा: आणि धागा?

रंभा: कोणता?

सायमा: जो काढला तो.

रंभा: चुलीत टाकला. वीतभर वीतभर तुकडे, काय कराचं त्याचं? ... काऊन अशी पाहून राह्यली?

सायमा: काही नाही.

रंभा: काही नाही म्हणते न बसतही नाई.

सायमा: मी आज चंद्रपूरहून त्या बारा ओळींसाठी आले होते मावशी.

रंभा: गोधडीसाठी म्हण.

सायमा: गोधड्या घरी पाच आहेत. सगळ्या अम्मीच्या, सगळ्या पट्टीनं आखल्यासारख्या. त्या तिनं कधी शिवल्या तेही मला आठवत नाही. या बारा ओळी तिनं शेवटच्या चार महिन्यांत घातल्या. त्या चार महिन्यांत मी दोनदा आले. दोन्ही वेळा ती खाटेवर ताठ बसून बोलली, हात ओढणीखाली. मला वाटलं, बरी होते आहे.

रंभा: लपवत होती थे. तू येणार असली की सकाळपासून तिची तयारी.

सायमा: ते मला या ओळी पाहून कळलं. तिचा हात किती थरथरत होता ते दुसरं कुठंच राहिलं नव्हतं. मी फारूकला म्हटलं होतं, ही पट्टी अशीच राहू दे, बाकीचं रंभामावशीकडून पूर्ण करून घे.

रंभा: मले नाई सांगतलं कोणी. त्यानं बोचकं आणून देल्लं न म्हणे, मावशी पुरी करून दे. एवढंच. घे, नाव घेतलं न आला. का गा फारूक, तुले सांगतलं होतं का हिनं, ही पट्टी उसवू नको म्हून?

फारूक: सलाम आपा. मी तुले स्टँडवर पाहून राह्यलो, न तू सरळ इथीच. कोणती पट्टी?

रंभा: अम्मीच्या हातची. वाकडी.

फारूक: हो... सांगतलं होतं. या अल्ला. मावशी, गुड्डीचा दवाखाना, दुकान, पोरगी झाली त्याची धांदल, ध्यानातूनच उतरलं.

रंभा: बाप झाला न अक्कल गेली.

फारूक: आपा, तू टेन्शन नको घेऊ. दुकानात मशीन रिकामी हाये. दहा मिनिटांत बारा ओळी मारून देतो. वाकड्या पायजे त वाकड्या मारतो, हुबेहूब.

रंभा: गप. गोधडीले मशीन लावते का कोणी? कडक होते, लेकराच्या पाठीले रुतते. तुह्या बापानं नाटकवाल्यांच्या राजांचे झगे शिवले मशीनवर, पण गोधडीले हात नाई लावला कधी.

फारूक: त मंग काय करू? आपा, बोल काही. तू अशी चूप बसली की अम्मी बसल्यावानी वाटते.

सायमा: तू घरी जा. गुड्डी एकटी आहे बाळाजवळ.

फारूक: रागावून सांगते का?

सायमा: नाही रे. जा. मी येते मागून.

फारूक: चारच्या गाडीनं नको पळून जाऊ. पोरीनं अजून तुहं तोंड नाई पाहिलं, फुफ्फी हाये तू तिची.

सायमा: नाही जात.

रंभा: ... गेला बिचारा. त्याले काऊन धाडलं? राग माह्यावर हाये ना?

सायमा: उसवायच्या आधी एकदा मला विचारायचं होतं मावशी. स्टँडजवळ एसटीडी आहे, फारूककडे नंबर आहे.

रंभा: तुले विचाराचं? तू नव्हती इथी सायमा. मी होती. रोज दुपारी दोन वाजता भिंतीले धरून धरून थे या ओसरीवर ये. सुई मी ओवून दे. एका ओळीले आठ-आठ दिवस. न रोज उठतानी एकच बोलणं.

सायमा: काय?

रंभा: रंभा, मी गेल्यावर हे उसवजो. माह्या हातचं वाकडं कोणाले दिसलं नाई पायजे.

सायमा: असं म्हणायची?

रंभा: शपथ घेतली माह्याकडून. तुले काय वाटलं, मले हौस होती? मी लग्न होऊन तुमच्या शेजारी आली तवा मले सुई धरता येत नव्हती. माही पहिली गोधडी तीनदा उसवली तिनं. तिसऱ्या वेळी मी रडाले लागली. त म्हणे, रड, पण ओळ सरळ ठेव. मूल गावाहून बाया येत तिचा धावदोरा पाहाले. आता शुक्रवारी शंभर माणूस येईन, गोधडी हातात घेईन, म्हणन जमीलाचा हात बिघडला होता वाटते. मी ऐकून घेऊ का थे?

सायमा: नाही.

रंभा: मंग.

सायमा: तिला लाज वाटायची?

रंभा: लोकांची थोडी, तुही जास्त. पोरगी कॉलेजच्या लायब्ररीत बसते, एवढी शिकली, तिले काऊन असा हात दाखवू म्हणे.

सायमा: मलाच दाखवायचा होता ना तिनं.

रंभा: रडू नको व. रड बापा, रडाचं त रड. मी चा आणते.

सायमा: चहा नको. तुम्ही बरोबर केलं मावशी. तिनं सांगितलं ते केलं.

रंभा: आता असं थंड नको बोलू. भांडली असती त बरं वाटलं असतं.

सायमा: भांडायला काय उरलंय? घडी करू का हिची?

रंभा: राहू दे. त्या बाजूले हात नको लावू, ओली हाये.

सायमा: ओली कशानं?

रंभा: पाण्याचा हात फिरवून राह्यली होती ना. टाके काढले तरी सुईची भोकं राह्यतात कापडात. नवी सुई त्यातच घुसते न ओळ जुन्याच वाटेनं जाते. म्हून ओला हात फिरवाचा, नखानं घासाचं. भोकं मिटली की कापड कोरं. तिनंच शिकवलं.

सायमा: किती मिटवली?

रंभा: खालच्या तीन ओळींची. चौथी घेणार, तेवढ्यात तू आली.

सायमा: म्हणजे नऊ ओळींची आहेत अजून.

रंभा: असतीन. काऊन?

सायमा: तिकडचं टोक धरा. उन्हात घेऊ. तिरपी करा थोडी.

रंभा: अवो हळू, माह्या गुडघ्याले पाहून. ...

सायमा: दिसतात.

रंभा: हो माय. निळ्या लुगड्यात पांढरे ठिपके. उसवतानी माह्या नजरेले नाई पडले असे.

सायमा: ही चौथी ओळ. इथं अशी वर का चढली?

रंभा: मले काय माहीत.

सायमा: तुम्ही शेजारी होतात ना?

रंभा: ... थांब. चौथी. पोळा होऊन गेला होता. वैनगंगा चढली होती, गाड्या बंद. तू येणार होती न नाई आली. त्या दिशी कापडाकडे पाहेच ना, रस्त्याकडे पाहे. मी म्हटलं, अवो सुई कुठी चालली. म्हणे, चालू दे.

सायमा: मी चंद्रपूरच्या स्टँडवर तीन तास बसले होते त्या दिवशी.

रंभा: सांगतलं का तिले कधी?

सायमा: नाही.

रंभा: हं. ही पाय, ही नववी. इथी पाच-सहा टाके कसे नीट हायेत. थे माहे.

सायमा: तुमचे?

रंभा: थे पाणी प्याले आत गेली न मी लवकर लवकर घालून टाकले. वाटलं तिले बरं वाटीन. आली, बोट फिरवलं न म्हणे, रंभा, तुहा टाका मी डोळे बांधून ओळखीन. दोन दिवस बोलली नाई माह्यासंगं.

सायमा: आणि हा गुंता? एकाच जागी किती भोकं आहेत.

रंभा: थे दिवाळीनंतरचं. वडशाची नाटक कंपनी आली होती, जीपवर भोंगा लावून फिरे. तिले तुह्या बापाचं आठवलं. राजाच्या झग्याले बटनं लावाचे राह्यले, न राजा पूर्ण अंक पोट धरून उभा. लोकांले वाटलं राजाले इख देल्लं कोणी. सांगता सांगता हासे, न हासली की हात अजूनच हाले. एकाच जागी सुई आत-बाहेर, आत-बाहेर.

सायमा: मला वाटलं होतं, या ओळींत फक्त तिचं दुखणं आहे.

रंभा: दुखणं होतं. पण दिवसभर कोण दुखत बसते?

सायमा: मावशी, सुई द्या.

रंभा: कायले?

सायमा: या नऊ ओळी मी घालते. याच भोकांतून.

रंभा: येते का तुले?

सायमा: नाही.

रंभा: जमीलाची पोरगी, न सुई नाई धरता येत.

सायमा: तिनंच शिकवलं नाही. सुई हातात घेतली की म्हणायची, ठेव ते, अभ्यास कर.

रंभा: न माह्या शपथीचं काय? पुन्हा वाकडं होईन ना थे सारं.

सायमा: तिची अट काय होती? तिच्या हातचं वाकडं कुणाला दिसू नये. तिच्या हातचं तुम्ही उसवलं. शपथ पूर्ण झाली. आता जे वाकडं दिसेल ते माझ्या हातचं.

रंभा: वकील व्हाचं होतं तू.

सायमा: कुणी विचारलं तर सांगा, पोरीनं शिवलं.

रंभा: सांगीन त. म्हणीन, जमीलाची ओळ कशी होती थे घरच्या पाच गोधड्यांत जाऊन पाहा, हे लायब्ररीवाल्या बाईचं काम हाये. हासतीन तुले.

सायमा: हसू देत.

रंभा: फारूकची सासू त तोंडावर हासन.

सायमा: तिला मी दुसरी गोधडी पांघरायला देईन.

रंभा: घे मंग. धागा एवढाच घे, हाताच्या कोपरापर्यंत. जास्त घेतला की गुंतते. बोटात हे अंगुस्तान घाल. असं नाई, मधल्या बोटात. खालचा हात गोधडीखाली ठेव, सुई आली की त्याले कळलं पायजे.

सायमा: टोचली.

रंभा: टोचू दे. अशीच कळते.

सायमा: आणि त्या तीन ओळी? ज्यांची भोकं मिटली?

रंभा: त्या गेल्या माय. त्या मी सरळ घालते. त्याले काही इलाज नाई.

सायमा: हो.

रंभा: त्यातली दुसरी... सांगू का? त्या दिशी गुड्डीनं तिचा हात पोटावर ठेवला होता. लेकरू आतून हाललं म्हणे. थे ओळ लय लांब लांब टाक्यांची होती. एवढं आठवते.

सायमा: सांगत राहा. मी शिवते.

*

रंभा: बोट पाहू. पाच जागी टोचलं. आता उद्या अकीक्याले बिर्याणी कोणत्या हातानं खाशीन?

सायमा: उजव्या. टोचलाय तो डावा.

रंभा: अन् हे पाय. मोठी हुशार ना तू? सातव्या ओळीत भोकं सोडून देल्ले तू तीन ठिकाणी.

सायमा: तिथं माझ्याच्यानं नाही झालं. तिचा टाका फार लहान होता तिथं. सुई दुसरीकडेच जायची.

रंभा: उसवू का?

सायमा: उसवू नका.

रंभा: गंमत केली व. काल फारूक येऊन गेला ना तू पाणी आणाले गेली तवा. गोधडीवर हात फिरवून म्हणे, मावशी, हे अम्मीनं केलं का आपानं? मी म्हटलं, तूच सांग. बराच वेळ फिरवत बसला. जातानी मले म्हणे, आपाले म्हणा गाडीची घाई नको करू, रविवारपर्यंत राहा.

सायमा: सुट्टी सोमवारपर्यंत टाकली आहे मी.

रंभा: बोलली नाई त?

सायमा: आत्ता ठरवलं.

रंभा: चांगलं केलं. पोरगी कशी हाये? पाहिलं का नीट?

सायमा: दिवसभर हात चोळते. अंगठा मुठीत घालून झोपते. मी माझं बोट दिलं तर सोडायलाच तयार नाही. टोचलेलं होतं तेच धरलं तिनं.

रंभा: धरीनच. बरं, बोलता बोलता हात नको थांबवू. उद्या सकाळी देणं हाये.

सायमा: मावशी, इथं भोकं संपली.

रंभा: पाहू. हो. बारावी अर्धीच झाली होती. मंगळवार होता. चा प्याली न म्हणे, आज बस. दुसऱ्या दिशी आली नाई.

सायमा: मग आता मी कुठं जाऊ?

रंभा: कोपऱ्याकडे. थेही तिकडेच चालली होती. कोपरा काही हालला नाई.