नागमोडी रेघ

रंजिता : बाबा, कात्री ठेवा खाली. पुन्हा सुरू झालं ना?

देवीदास : एवढं काज होऊ दे. उजव्या अंगानं चमकून रायलं, होऊन जाते बंद.

रंजिता : आणि हात?

देवीदास : आल्या ना मुंग्या. बोटापासून निघतेत, ओठापर्यंत जातेत. रोजचाच रस्ता आहे त्याइचा.

रंजिता : हा विनोद उद्या नागपूरच्या डॉक्टरांसमोर नको. गोंदियाच्यांना मुंग्या म्हणालात, तर त्यांनी मुंगी चावल्यावरचं मलम लिहून दिलं.

देवीदास : माही का चूक? तो हिंदीतला. म्हने, "चींटी कहाँ काटी?" मी म्हनलो, काटी नाई जी, आती है.

रंजिता : आणि डोळ्यांना डोरे म्हणालात. त्यांना वाटलं, शिवायचा दोराच.

देवीदास : टेलरनं डोऱ्याचं नाई बोलावं त कोनाचं बोलावं?

रंजिता : पण पिको म्हणालात आणि ते एकदम सरळ बसले.

देवीदास : मंग! साडीच्या काठाले पिको करतो ना आपण, तशीच वाकडीतिकडी रेघ. रंगीत. चमकत चमकत मोठी होत जाते. दुसरं का म्हनू तिले?

रंजिता : मग पानठेल्यावर श्यामलालकाकांना नाग का म्हणालात?

देवीदास : नागमोडी म्हनलो वो! त्याच्यासमोर पिको म्हनलो असतो त हासला असता, बायकाइचं काम म्हनून. त्यानं पानाले चुना लावता लावता मोडी टाकून देली आनि नाग ठेवून घेतला.

रंजिता : आणि तो नाग रुख्माआजीच्या दारात नेऊन सोडला. तिनंच करणी केली म्हणे. परवा बायांनी तिला बोरिंगवर पाणी भरू दिलं नाही. पांढऱ्या केसांची बाई रिकामी घागर घेऊन परत गेली.

देवीदास : म्हनून त जाऊन रायलो नागपूरले. नाईतर घडीभराच्या चमकेचं मले काई नाई. दुखन्याले नाव नसलं का लोकं त्याले मानसाचं नाव देतेत, रंजी.

श्यामलाल : आहे का घरी, देवीदासभाऊ? सुना है, कल नागपूर.

देवीदास : ये, श्यामलाल. पान घेऊन आला का फक्त तोंड घेऊन आला?

श्यामलाल : मजाक छोडो. पहिले बैगाकडून झाडफूक करून घ्या. एक नारियल का तो काम है.

देवीदास : मले नाग नाई दिसत, बापा.

श्यामलाल : तुम्ही सोता बोलले. मेरे ठेले पे खडे रहके.

देवीदास : नागमोडी बोललो. कचारगडची वाट नागमोडी आहे. मंग त्या वाटंनं जाऊन तुह्या पायाले नाग चावते का?

श्यामलाल : बात मत घुमाओ. मोहाच्या झाडावरून रुख्माबाईसंग तुमचा झगडा झाला का नाही? उसके बाद ही शुरू हुआ ना ये सब?

देवीदास : झगडा झाला. दुसऱ्या दिवशी तिनं टोपलीभर मोहफुलं आनून देले, हे नाई सांगत तू कोनाले. उद्या फोटो काढतेत मेंदूचा. नाव घेऊन येतो, तुह्याच ठेल्यावर उभा राहून सांगतो.

श्यामलाल : और नाव नहीं मिला तो?

देवीदास : भेटन. काऊन नाई भेटन? रंजी, हा ब्लाउज घडी करून ठेव. आल्यावर हुक लावतो.

(काही दिवसांनी. तीच ओसरी. बुद्धविहारात देवीदासच्या मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन झालं आहे. मागच्या अंगणात पंगत बसली आहे.)

श्यामलाल : बेटी, बुरा मत मानना. रुख्माबाई फाटकात उभी आहे. आजच्या दिवशी तिले आत घेऊ नको.

रंजिता : काका, बसा. आजी, आत या. इथं, माझ्याजवळ.

रुख्मा : नोको वो बाई. दुरूनच हात जोडून जातो मी.

रंजिता : तुमच्याशी बोलायचंय. दोघांशी. काका, तुम्ही येऊन गेलात त्याच रात्री बाबांना झटका आला, जीपनं नागपूरला नेलं. ते शुद्धीवर आले नाहीत. पण फोटो निघाला. नाव भेटलं.

श्यामलाल : का नाव?

रंजिता : इंग्रजी नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचं तर शिरांचा गुंता. मेंदूच्या मागच्या बाजूला, डोळ्यांनी पाहिलेलं जिथं उमटतं, तिथं. त्याच्यामुळंच ती रेघ दिसायची. त्याच्यामुळंच मुंग्या. त्या रात्री तो गुंता फुटला.

श्यामलाल : गुंता... कोणी घातला?

रंजिता : कोणीच नाही. जन्मापासून होता. आईच्या पोटातच झालेला.

श्यामलाल : जनम से?

रंजिता : बाबा पाळण्यात होते तेव्हापासून. आजी, तेव्हा तुम्ही कुठं होता?

रुख्मा : मी? मी त माहेरी होतो, डोंगरगडाकडं. या गावाचं नावबी ऐकलं नोतं. लगन होऊन आलो तवा देवीदास शाळेत जाऊन रायला होता. पाटी फोडली म्हनून रडे.

श्यामलाल : मैंने तो जो लोगों से सुना, वही बोला.

रंजिता : लोकांनी तुमच्याकडून ऐकलं, काका. आता हेही त्यांना तुमच्याकडूनच ऐकू द्या. नाहीतर उद्या मी येते ठेल्यावर. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही, पण बोलेन.

श्यामलाल : नको. मीच सांगतो. ...रुख्माबाई, बसा. पत्तल लाता हूँ तुमच्यासाठी.

रुख्मा : भात जरासाच आन. वरन जास्त.

श्यामलाल : हौ.

रुख्मा : गेला का तो? ...बाई, देवीदासले दुखलं का वो?

रंजिता : नाही आजी. झोपल्यासारखेच होते.

रुख्मा : इतकं सारं तू एकटीनं इचारलं डाक्टरले?

रंजिता : विचारावं लागलं. नाव घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरलं होतं आमचं.

रुख्मा : आनलं ना आता. आता का करशीन?

रंजिता : दुकान आवरीन. लोकांचे कपडे शिवायचे राहिलेत, ते ज्याचे त्याला देईन.

रुख्मा : ते नाई इचारून रायलो मी. रडली का तू?

रंजिता : वेळ नाही मिळाला.

रुख्मा : आता आहे. सारे पंगतीत आहेत.

रंजिता : आजी...

रुख्मा : बोल ना.

रंजिता : मले बाबा पायजे.